मैदानापुरतं दिसणं

स्टेडियममधल्या हजारो डोळ्यांचं लक्ष चेंडूकडे होतं. केतकीचं लक्ष होतं लेकीच्या ओठांकडे.

ते मिटलेले राहायला हवे होते. सकाळी वेणी घालताना तिने जुईला बजावलं होतं, "आज टक्टक नाही हं. एकदाही नाही. चारी बाजूंनी माइक असतात, सगळं ऐकू जातं." आठ वर्षांच्या जुईने मान हलवली होती. पण मुलांचं मान हलवणं आणि मुलांचं ऐकणं यांत किती अंतर असतं, हे केतकीला पुरतं ठाऊक होतं.

जुई चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या उंचवट्यावर उभी होती. अंगात मेळघाट रेंजर्सचा हिरवा शर्ट, त्याच्या आत बनियनसारखी काळी जाळी. अमरावतीत व्यावसायिक बेसबॉल येऊन अजून फार वर्षं झाली नव्हती, पण तेवढ्यात गावाने त्या परक्या खेळाला आपले रीतिरिवाज चिकटवून टाकले होते. सामन्याआधी फलंदाज उभा राहतो त्या होम प्लेटच्या कडेला नारळ फुटायचा. नारळाचं पाणी पुसायला एक माणूस टॉवेल घेऊन उभा असायचा, कारण पहिल्याच वर्षी परदेशातून आणलेला संघाचा हुकमी फलंदाज त्या पाण्यावरून सपशेल आडवा झाला होता. मग पडायचा मानाचा चेंडू. तो खेळाडूने नाही टाकायचा. संघाने ज्यांना ज्यांना 'आपलं म्हटलं', त्यांच्यापैकी कुणीतरी टाकायचा. आज तो मान जुईचा होता.

जुईने डावा पाय उचलला, हात मागे नेला आणि चेंडू सोडला. थोडा खाली गेला, पण सरळ गेला. समोर उकिडव्या बसलेल्या संघाच्या कॅचरने, सुखराम कासदेकरने, तो हातमोज्यात टिपला आणि उभा राहून तिला सलाम ठोकला. स्टेडियम उसळलं. लाउडस्पीकरवरून कुणीतरी गदगदल्या आवाजात सांगत होतं की या मुलीला जन्मापासून दिसत नाही.

ओठ मिटलेले राहिले होते. केतकीने तेव्हा कुठे श्वास सोडला.

टक्टक ही जुईची स्वतःची युक्ती होती. कुणी शिकवली नव्हती. चालायला लागली तेव्हापासून ती जीभ टाळूला लावून टक्क करायची आणि किंचित थांबायची. भिंतीवरून आवाज कडक परत यायचा, पडद्यावरून मऊ, उघड्या दारातून यायचाच नाही. "इथं रिकामं आहे," असं म्हणून ती बरोबर दारातून बाहेर पडायची. पाचव्या वर्षी ती सोसायटीच्या पार्किंगमधून, उभ्या स्कूटरच्या रांगेतून, कशालाही न धडकता एकटी दुकानात जाऊन बिस्किटांचा पुडा आणायची. केतकी इलेक्ट्रॉनिक्सची पदवीधर. तिने यावर मिळेल तेवढं वाचलं होतं. वटवाघळं करतात तेच, काही आंधळी माणसंही करतात. त्यांच्या मेंदूचा जो भाग एरवी डोळ्यांसाठी राखून ठेवलेला असतो, तो असा रिकामा न बसता प्रतिध्वनी वाचायला लागतो.

वाचलं होतं सगळं. पण गच्चीवर पापड वाळत घालताना खालच्या मजल्यावरच्या तायडेकाकू हसत म्हणाल्या होत्या, "काय वं केतकी, तुही पोरगी दिवसभर बैल हाकते काय?" केतकीसुद्धा हसली होती. आणि जिना उतरताना तिचे कान तापले होते. बैलाला हाकताना काढतात तसाच तो आवाज होता, यात काही खोटं नव्हतं. लग्नात, दवाखान्यात, बँकेत, जुईने टक्क केलं की माना वळायच्या. केतकी तेवढ्या माना मोजल्यासारख्या पाहायची. ती सगळं पाहायची. तिच्या घरात दोन माणसांचं पाहणं तिला एकटीला करावं लागत होतं, असं तिचा नवरा प्रणय म्हणायचा. तो हे प्रेमानेच म्हणायचा.

मग रेंजर्सची समाजसंपर्क प्रमुख श्रेयसी निंभोरकर जुईच्या शाळेत आली. 'मैदान सर्वांचं' नावाची संघाची योजना होती. संघाने वस्त्यांमधल्या शाळांना मैदानं करून दिली होती, मुलींचा संघ उभा केला होता, तृतीयपंथी पंच नेमला होता, मेळघाटातल्या कोरकू पाड्यावरून कासदेकरला उचलून कॅचर केलं होतं. स्टेडियमच्या मुख्य दारातल्या लांबलचक भिंतीवर या सगळ्यांचे हसरे फोटो होते. आता अंध मुलांची पाळी होती. अंध मुलं बेसबॉल ऐकणार नव्हती, खेळणार होती.

केतकीने शंभर प्रश्न विचारले, तेव्हा श्रेयसीने तिला संघाच्या प्रयोगशाळेत डॉ. आरिफ काझींकडे नेलं. काझी मेंदूशास्त्रज्ञ. बोलताना समोरच्याच्या कपातला चहा निवतोय याचीसुद्धा काळजी करणारा माणूस.

"डोळे पाहत नाहीत हो, मेंदू पाहतो," ते म्हणाले. "डोळा नुसता टपाल आणून देतो. ते टपाल दुसऱ्या वाटेने आणून दिलं तरी मेंदू वाचतो. आम्ही ते पाठीवरून देतो."

त्यांनी ती जाळी केतकीच्या हातात दिली. बनियनसारखं अंगाबरोबर बसणारं कापड, त्यात मोहरीएवढ्या कंप पावणाऱ्या टिकल्या दाटीने शिवलेल्या. स्टेडियमच्या छताला कॅमेऱ्यांचं कडं होतंच. पंचांचे निर्णय तपासायला ते लावले होते. चेंडू, माणसं, कुंपण, प्रत्येक गोष्ट कुठल्या क्षणी कुठे आहे हे त्या कॅमेऱ्यांना सगळ्या बाजूंनी ठाऊक असायचं. तोच नकाशा मुलाच्या जागेवरून कसा दिसेल तसा वळवून जाळीवर उमटवायचा. चेंडू म्हणजे टोकदार टिचकी, माणूस म्हणजे हलका दाब, कुंपण म्हणजे सलग गुणगुण. सुरुवातीला नुसत्या गुदगुल्या होतात. काही आठवड्यांनी गुदगुल्या नाहीशा होतात आणि मूल म्हणतं, तो तिथे आहे. पाठीवर नाही. तिथे.

"आणि स्टेडियमच्या बाहेर?" केतकीने विचारलं.

"बाहेर कॅमेऱ्यांचं कडं नाही. पण हेच काम करणारं यंत्र गळ्यात घालता येईल इतकं लहान करतोय आम्ही. पुढच्या हंगामापर्यंत होईल."

"आणि तिची टक्टक?"

"ती कुठे जातेय? एक वाट जास्तीची मिळतेय तिला."

त्या दिवशी तसं त्यांना खरंच वाटत होतं. केतकी पुढे अनेकदा तो क्षण आठवून त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधायची. सापडायची नाही.

सरावाच्या दुसऱ्या महिन्यात एके सकाळी केतकी नेहमीसारखी गॅलरीत न बोलता बसली होती. जुई पहिल्या बेसवरून अचानक वळली, मान वर केली आणि बोट दाखवून म्हणाली, "ती आई आहे. तिने आत्ता केस मागे घेतले."

केतकीचा हात केसांतच होता. आजवर ती बोलेपर्यंत, निदान बांगड्या वाजेपर्यंत, जुईला ती कुठे आहे हे नक्की कळायचं नाही. टक्टक इतक्या लांबचं सांगत नसे. जन्मल्यापासून पहिल्यांदा लेकीने तिला दुरून पाहिलं होतं. केतकी पायऱ्या उतरून स्वच्छतागृहात गेली आणि नळ सोडून भरपूर रडली. त्या दिवसापासून तिचे शंभर प्रश्न संपले. संपायला नको होते.

टक्टकचा विषय श्रेयसीने काढला, तोही फार हळुवारपणे. "प्रक्षेपणात तो आवाज जरा चमत्कारिक येतो, केतकीताई. बघणाऱ्यांना वाटतं मुलीला अजूनही काही त्रास आहे. आपल्याला दया नकोय ना? बरोबरी हवीय. बाकीच्या मुलांसारखी दिसली पाहिजे ती."

केतकीला ते पटलं. इतकं चटकन पटलं की पटवून घेण्यासाठी ती कधीपासून तयारच बसली होती, हे तिचं तिलाच जाणवलं. तायडेकाकूंच्या हसण्यावरचं उत्तर तिला कुणीतरी सुटाबुटातल्या शब्दांत आणून दिलं होतं. घरी आल्यावर तिने नियम केला. मैदानात टक्टक नाही. मग गाडीत नाही. मग पाहुण्यांपुढे नाही. जुई चुकली की केतकी तिच्या गुडघ्यावर हळूच बोट ठेवायची. मारायची नाही कधी. पुढे पुढे बोट ठेवायची गरजही पडेना.

मानाच्या चेंडूनंतर मुलांना खेळाडूंच्या बाकावर बसायला मिळालं. कासदेकर गळ्यात ढोल अडकवून वैतागून बसला होता. सामना जिंकला की तो ढोल वाजवून नाचत मैदानाला चक्कर मारायचा. टीव्हीवर ते हमखास दाखवायचे.

"छान वाजवता तुम्ही," केतकी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली.

"मले ढोल येत नाही, ताई," तो म्हणाला. "मी धारणीच्या होस्टेलात वाढलो. आमच्याकडे कॅरम होता. हे मले इथं येऊन शिकवलं, यूट्यूब पाहून. पुण्याच्या एका सरांनी."

"मग सांगत का नाही त्यांना?"

"सांगतलं ना. तर म्हणे, सुखराम, आम्हाले तुझी संस्कृती जपायची हाय." तो हसला आणि जुईकडे वळला. "काय वं पोरी, तुले काय शिकवलं?"

"गप्प राहायला," जुई म्हणाली.

कासदेकर खो खो हसला. केतकीही हसली, कारण दुसरं काय करणार.

जून उजाडला, हंगामाला सुट्टी लागली, आणि एका दुपारी स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. कपाटाचं दार अर्धं उघडं राहिलं होतं. जुई सरळ त्याच्या कडेवर आदळली होती. भुवईच्या वर फुटलं होतं. केतकीने रक्त थांबवलं, हळद दाबली, फू फू केलं. मुलं पडतात. पण त्याच आठवड्यात जुई दिवाणाला अडखळली, बाल्कनीच्या काचेवर कपाळ आपटून घेतलं, आणि दुकानात जाते म्हणून निघाली ती पार्किंगमध्ये दोन स्कूटरच्या मधे हात पसरून उभी राहिली. केतकी वरून बघत होती. धावत खाली आली.

"जुई, टक्टक कर बरं."

"नको."

"कर. इथे कुणी नाहीये. मी काही म्हणणार नाही."

जुईने जीभ टाळूला लावली. टक्क. थांबली. पुन्हा टक्क. तिच्या चेहऱ्यावर ती जुनी, कान टवकारलेली वाट पाहणारी रेघ उमटली आणि विस्कटली.

"काय येतंय?"

"आवाज येतोय," जुई म्हणाली. "नुसता आवाज."

डॉ. काझींनी तपासण्या केल्या. निकाल सांगताना त्यांनी यावेळी चहा मागवला नाही.

"मी चुकलो," ते म्हणाले. "डोक्याच्या मागची ती जागा, जी डोळ्यांची असते, तिथे जुईचे प्रतिध्वनी राहत होते. आम्हाला वाटलं, जाळी शेजारी नवीन खोली बांधेल. तिने तीच खोली घेतली. जाळीतून येणारी माहिती इतकी भरघोस असते की टक्टक त्यापुढे फिकी. वाढतं मूल जे वापरतं तेवढंच ठेवतं. त्यात जुईने ती वापरायचीच सोडून दिली. बाकीच्या मुलांचं इतकं झालं नाही. त्यांचं थोडंफार शाबूत आहे." ते अडखळले. "ती मुलं मधूनमधून आवाज करत राहिली."

केतकीने विचारलं, "परत येईल?"

"जाळी पूर्ण बंद केली तर कदाचित. नववं-दहावं वर्ष उलटायच्या आत. तेही कष्टाने, आणि मधले कित्येक महिने तिच्याकडे काहीच नसेल. ना हे, ना ते."

"आणि ते गळ्यात घालायचं यंत्र? पुढच्या हंगामात येणार होतं."

काझी खिडकीबाहेर बघत राहिले. खाली मैदानात नवीन जाळ्यांची खोकी उतरत होती. मोठ्यांच्या मापाच्या जाळ्या. डोळस प्रेक्षकांसाठी. खुर्चीत बसून पाठीवर चेंडूचा थरार घ्यायचा, अशी जाहिरात शहरभर लागली होती. मुलांवर घासून घासून ते तंत्र आता चांगलंच गुळगुळीत झालं होतं.

"ते पुढे ढकललंय," काझी म्हणाले. "माणसं सगळी या कामावर लावलीत."

प्रणयला हे सांगितलं तेव्हा तो आपल्या ई-स्कूटर दुरुस्तीच्या दुकानातून नुकताच येऊन हातपाय धूत होता. टॉवेल हातात तसाच राहिला.

"म्हणजे जाळी काढायची?"

"काढावीच लागेल."

"केतकी, ती पोरगी मैदानात पळते. पळते. मी डोळ्यांनी पाह्यलंय. आपल्या जुईला मी पळताना पाहीन असं मला या जन्मात वाटलं नव्हतं. आणि तू म्हणते बंद करू."

"आणि घरात ती भिंती चाचपते, ते नाही पाहिलंस?"

"घरात आपण आहो ना."

"किती दिवस आहो आपण?"

त्याने हात पुसले. मग टॉवेल खुंटीला लावत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "टक्टक बंद कर म्हणून मी कधीच नव्हतं म्हटलं तिला. मला तो आवाज आवडायचा. दुकानातून येऊन जिना चढताना ऐकू यायचा."

हे त्याने आधी का नाही सांगितलं, असं केतकीला विचारायचं होतं. पण विचारलं असतं तर तो म्हणाला असता, तू ऐकलं असतंस का. म्हणून तिने कुकर लावला.

पुढच्या सोमवारी श्रेयसीने बोलावून घेतलं. संघ अमरावती सोडत होता. नवे मालक, नवं शहर. पुण्यापलीकडे महामार्गालगत अख्खी क्रीडानगरी उभी राहत होती, आणि 'मैदान सर्वांचं' योजना तिथे आणखी मोठ्या प्रमाणावर चालणार होती.

"आणि इथली मुलं?" केतकीने विचारलं.

"इथला टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण झाला, असं आम्ही म्हणतोय." श्रेयसी पुढे झुकली. तिचे डोळे खरोखर चमकत होते. "पण जुईसाठी मी भांडले, केतकीताई. तिला तिथल्या निवासी अकादमीत घ्यायचं ठरलंय. वसतिगृह, वर्ग, जेवणघर, बाग, सगळीकडे कॅमेऱ्यांचं कडं आहे. समजतंय ना तुम्हाला? ती सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत बघेल. सगळं. रोज."

"आणि आम्ही?"

"पालकांना भेटायचे दिवस असतात. मधे मधे घरी नेलं तर मुलं गोंधळतात, असं तज्ज्ञ म्हणतात."

"सुट्टीत घरी आली तर तिला काही दिसणार नाही."

"म्हणून तर ती यायला मागणार नाही," श्रेयसी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

केतकी पायीच घरी आली. वाटेत तिने सगळे हिशोब मांडून पाहिले. कॅमेऱ्यांच्या कुंपणात बघणारी मुलगी, आणि कुंपणाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकता न येणारी मुलगी, या दोघी एकच. आज क्रीडानगरी आहे. उद्या मालक बदलले, तंत्र जुनं झालं, नवी कुठली मुलं फोटोला बरी वाटली, तर वीस वर्षांची आंधळी जुई तेव्हा कुठे उभी राहणार? तेव्हा तर मेंदूही ओल्या मातीसारखा राहिलेला नसेल. पण दुसऱ्या बाजूला काय होतं? कदाचित. नुसतं काझींचं ते कदाचित.

जुईला विचारायला हवं, असं प्रणय म्हणाला. विचारलं.

"मी जाणार," जुई म्हणाली. एका क्षणाचाही वेळ लागला नाही.

"तिथे आई-बाबा नसतील, बेटा."

"माहितीय. श्रेयसीताईने सांगितलं. तिथे बाग पण दिसते. जेवायला बसल्यावर समोर कोण बसलंय ते पण दिसतं."

केतकीने तिला जवळ ओढलं. "आणि तू आधीसारखं स्वतःचं स्वतः शिकलीस तर? कॅमेरे नकोत, काही नको. कुठेही जाता येईल. मी शिकवीन. आपण दोघी करू."

जुई तिच्या हातातून हळूच सुटली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"टक्टक तूच बंद केलीस," ती म्हणाली. "आता जाळी पण तूच काढणार."

केतकीने श्रेयसीला नकार कळवला, तोही समोर जाऊनच. श्रेयसीचा चेहरा आधी गोंधळला, मग कडक झाला. "नीट विचार केलाय ना? तुम्ही त्या मुलीची नजर काढून घेताय."

"हो," केतकी म्हणाली. "दुसऱ्यांदा."

जाळी जमा करून घेतली गेली. निरोपाच्या सामन्यात मानाचा चेंडू दुसऱ्या एका मुलीने टाकला. ती व्हीलचेअरवरून आली होती, आणि लाउडस्पीकर तसाच गदगदला. संघ गेला. मुख्य दारातल्या भिंतीवरचे फोटो त्यांनी सोलून, गुंडाळून बरोबर नेले. त्यात जुईचाही होता. त्याची परवानगी केतकीने सुरुवातीलाच देऊन ठेवली होती.

मग ते महिने सुरू झाले. काझींनी नोकरी सोडली नाही, पण फोन उचलत राहिले. सराव कसा घ्यायचा ते त्यांनी समजावलं. खोलीतल्या वस्तू रोज हलवायच्या. पंखा, टीव्ही, सगळं बंद. पोर जीभ वाजवेल तेव्हा शाबासकी द्यायची, चाचपेल तेव्हा नाही. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

"तिने हाक मारली तर ओ देऊ नका. तुम्ही ओ दिलीत की ती तुमच्या आवाजाच्या दिशेने येणार, मग मेंदूला कष्ट करायचं कारणच उरत नाही. सरावाच्या वेळात तुम्ही आई नाही. एक वस्तू आहात. तिने तुम्हाला शोधायचं."

पहिल्या दिवसापासून जुईने जीभ वाजवायला नकार दिला. सांगून पाहिलं, लाडीगोडी झाली, एकदा केतकी ओरडलीसुद्धा. जुई हात पुढे करून चालायची, आदळायची, सावरायची. रडायचीही नाही. दिवाळी तशीच गेली. प्रणयला हे बघवेना. सरावाची वेळ झाली की तो चप्पल घालून दुकानात निघून जायचा.

त्या दुपारीही तो गेला. केतकीने दिवाण खिडकीपाशी सरकवला, खुर्च्या उलटसुलट मांडल्या, फ्रिजचं बटण बंद केलं. बांगड्या तर तिने केव्हाच काढून ठेवल्या होत्या. हॉलच्या एका कोपऱ्यात अनवाणी उभी राहून तिने श्वास बारीक केला. जुई तिच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई?"

केतकी बोलली नाही.

"आई, मला पाणी पाहिजे."

पाणी टेबलावर होतं. टेबल आज नवीन ठिकाणी होतं. जुईने दोन पावलं टाकली, खुर्चीला नडगी लागली, ती कळवळून खाली वाकली. केतकीचे हात आपोआप पुढे झाले. तिने ते मागे घेऊन पाठीशी एकमेकांत गच्च धरले.

"आई, तू इथंच आहेस. मला माहितीय."

एक टक्क, केतकी मनातल्या मनात म्हणत होती. एकच. मी चार हातांवर आहे. मऊ, कडक, कशीही परत येईन मी तुझ्या कानात. एकदा वाजव.

जुईने मान या बाजूला वळवली, मग त्या बाजूला. तिची जीभ टाळूपर्यंत गेली असावी, कारण तिची हनुवटी किंचित हलली. केतकीने कान टवकारले. ती तशीच उभी राहिली.

हनुवटी पुन्हा स्थिर झाली.

"नको सापडूस मग," जुई म्हणाली.

आणि भिंतीला तळवा लावून, भिंतीबरोबर घासत घासत, ती पाणी न पिता परत आपल्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. सरावाची वेळ अजून संपली नव्हती. केतकी कोपऱ्यात जिथे होती तिथेच उभी राहिली.